बिल्ले दोन्ही बाजूंना होते: टूमस्टोनच्या वैराची गोष्ट

२६ ऑक्टोबर १८८१, बुधवार. दुपारचे तीन वाजायला आलेले. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ टूमस्टोन नावाचं गाव आहे. तिथल्या फ्रीमाँट स्ट्रीटवरून चार माणसं चालत येत होती: व्हर्जिल अर्प, त्याचे धाकटे भाऊ वायट आणि मॉर्गन, आणि त्यांचा मित्र डॉक हॉलिडे. व्हर्जिल हा गावचा पोलीसप्रमुख. समोरून जिल्ह्याचा शेरीफ जॉनी बीहन घाईघाईनं आला आणि त्यांना अडवू लागला. पुढे जाऊ नका, म्हणाला. व्हर्जिल त्याला ओलांडून गेला. पुढच्या मिनिटभरात तीन माणसं पडली.

हे वैर समजून घ्यायचं तर गोळ्यांकडे जायच्या आधी इथेच थोडं थांबायला हवं. अडवणारा आणि न थांबणारा, दोघंही कायद्याचेच अधिकारी. दोघांच्याही छातीवर बिल्ला. सिनेमांनी आपल्या डोक्यात जे चित्र बसवलंय, एका बाजूला कायदा आणि दुसऱ्या बाजूला दरोडेखोर, ते टूमस्टोनला लागू पडत नाही. तिथे कायदाच दुभंगलेला होता. एक तुकडा अर्प भावांच्या हातात होता, आणि दुसरा ज्यांच्या हातात होता त्यांची गुंडांशी ऊठबस होती. हे एकदा कळलं की पुढच्या पाच महिन्यांतले खून का थांबले नाहीत, तेही कळतं.

आधी गावाबद्दल. १८७७ मध्ये एड शिफलिन नावाचा एक माणूस या ओसाड डोंगरांत खनिज शोधत फिरत होता. अपाचे लोकांचा हा मुलूख. तिथे तुला तुझा थडग्याचा दगड तेवढा सापडेल, असं त्याला लोकांनी सांगितलं. त्याला चांदी सापडली आणि त्यानं खाणीला नाव दिलं टूमस्टोन, म्हणजे थडग्याचा दगड. १८७९ मध्ये गाव वसलं आणि दोन वर्षांत तिथे हजारो माणसं गोळा झाली. खाणकामगार, वकील, जुगारी, दुकानदार सगळे आले. बँका, थिएटर, वर्तमानपत्रं, रात्रभर उघडे असलेले दारूचे गुत्ते, सगळं उभं राहिलं. ॲरिझोना मात्र अजून राज्य झालेलं नव्हतं. ती 'टेरिटरी' होती, म्हणजे केंद्राच्या ताब्यातला प्रदेश, आणि तिचा गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमला जाई.

आता कायद्याची वाटणी. गावाच्या हद्दीत अधिकार गावच्या मार्शलचा, म्हणजे पोलीसप्रमुखाचा. बाहेर जिल्ह्यात अधिकार शेरीफचा. मुंबईत शेरीफ म्हणजे नगरपाल, एक मानाचं पद. अमेरिकेतला शेरीफ तसा नाही. तिथे तोच जिल्ह्याचा पोलीस, तोच तुरुंगाचा प्रमुख आणि त्या काळात करवसुलीही त्याचीच. यांच्या वर केंद्र सरकारचा यू. एस. मार्शल. टपालाची लूट किंवा सरहद्दीपलीकडचे गुन्हे त्याच्या कक्षेत येत, पण घोडा चोरला किंवा साधा खून झाला तर त्याला हात घालता येत नसे. व्हर्जिलकडे १८७९ पासून केंद्राच्या डेप्युटी मार्शलचा बिल्ला होता आणि जून १८८१ पासून गावच्या पोलीसप्रमुखाचाही.

करवसुली हा शब्द लक्षात ठेवा, कारण खरं पाणी तिथे मुरत होतं. शेरीफला गोळा केलेल्या करातले १० टक्के स्वतःला ठेवता येत. चांदीच्या खाणी, रेल्वे आणि कुरणं असलेल्या जिल्ह्यात ही रक्कम वर्षाला हजारो डॉलरची होती. फेब्रुवारी १८८१ मध्ये टूमस्टोन आणि आसपासचा भाग मिळून कोचीझ हा नवा जिल्हा झाला, आणि तिथला शेरीफ व्हायचं वायट अर्पच्या मनात होतं. नेमणूक बीहनची झाली. वायटनं अर्ज मागे घ्यावा म्हणून बीहननं त्याला दुय्यम शेरीफचं पद कबूल केलं होतं. ते पद त्यानं हॅरी वुड्सला दिलं, आणि हा वुड्स गावातल्या 'नगेट' या वर्तमानपत्राचा संपादक! समोरचं वर्तमानपत्र 'एपिटाफ' काढणारा जॉन क्लम हा गावचा महापौर आणि अर्प भावांचा पाठीराखा. 'नगेट' डेमोक्रॅट, 'एपिटाफ' रिपब्लिकन. अमेरिकेचं यादवी युद्ध संपून जेमतेम १६ वर्षं झालेली. अर्प उत्तरेकडचे, रिपब्लिकन. कुरणांवरची माणसं बरीचशी टेक्सासकडची, डेमोक्रॅट. म्हणजे गावातल्या प्रत्येक घटनेच्या दोन बातम्या छापून येत, आणि दोन्ही वर्तमानपत्रांच्या मागे सत्तेतली माणसं उभी असत.

ही कुरणांवरची माणसं म्हणजे काउबॉय. आज आपण हा शब्द ऐकला की टोपीवाला, रुबाबदार गुराखी डोळ्यांपुढे येतो. १८८१ च्या कोचीझ जिल्ह्यात ती शिवी होती. प्रामाणिकपणे गुरं पाळणाऱ्याला काउबॉय म्हटलं तर तो चिडला असता. तिथे त्या शब्दाचा अर्थ गुरं पळवणारा असाच झाला होता. सरहद्द ओलांडायची, मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातून गुरं हाकून आणायची आणि इकडे स्वस्तात विकायची, हा धंदा. विरोध करणारे मेक्सिकन मारले जात. खाणकामगारांना मांस हवं होतं, सैन्याच्या तळांनाही हवं होतं. स्वस्त मिळतंय तोवर गुरं कुठून आली हे कुणी विचारत नव्हतं. ही एक गोष्ट मला फार बोचते. या वैरावर इतकं लिहिलं गेलं, पण सरहद्दीपलीकडे मेलेल्या माणसांची नावं त्यात जवळपास कुठेच नाहीत.

या टोळीला एक असा सरदार नव्हता. ओळखी, नाती आणि सोयीनं जुळलेलं ते जाळं होतं. त्यात म्हातारा क्लँटन आणि त्याची मुलं आयक, फिन, बिली होती. कर्ली बिल ब्रोशस आणि जॉनी रिंगो होते. टॉम आणि फ्रँक मॅक्लॉरी हे भाऊ पेशानं बंदूकबाज नव्हते, त्यांची स्वतःची कुरणं होती, पण चोरीची जनावरं त्यांच्याकडे येत. जुलै १८८० मध्ये सैन्याची सहा खेचरं चोरीला गेली. शोधायला गेलेल्या लेफ्टनंटबरोबर अर्प भाऊही होते. खेचरं मॅक्लॉरींच्या कुरणावर सापडली आणि तिथे त्यांच्यावरची 'यू.एस.' ही सरकारी खूण तापल्या लोखंडानं बदलून 'डी८' केली जात होती. तुम्ही परत जा, खेचरं पाठवून देतो, असा शब्द मिळाला आणि लेफ्टनंटनं तो मानला. खेचरं आलीच नाहीत. फ्रँक मॅक्लॉरी आणि अर्प यांच्यातली कटुता तेव्हापासूनची.

आणि शेरीफचं खातं? कर्ली बिलच्या पिस्तुलातून सुटलेल्या गोळीनं ऑक्टोबर १८८० मध्ये गावचा पहिला मार्शल फ्रेड व्हाइट मेला. गोळी चुकून सुटली असं मरता मरता व्हाइटनंच सांगितल्यामुळे बिल सुटला. पुढे बीहनचा डेप्युटी बिली ब्रेकनरिज यानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं, की चोरांच्या मुलखात करवसुलीला जाताना त्यानं याच कर्ली बिलला सोबत घेतलं होतं. सप्टेंबर १८८१ मध्ये बिस्बीजवळ टपालगाडी लुटली गेली. जागेवर बुटाचा एक वेगळाच ठसा होता. टाच नुकतीच बदललेली. बिस्बीतल्या चांभारानं सांगितलं, ही टाच मी बसवली. गिऱ्हाईक कोण? फ्रँक स्टिलवेल. आणि स्टिलवेल त्याच वर्षी शेरीफ बीहनचा डेप्युटी राहिलेला. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच.

तरीही फ्रीमाँट स्ट्रीटवर गोळ्या सुटल्या त्या गुरांवरून नाही आणि खेचरांवरूनही नाही. त्याला कारण झाला एक गुपचूप केलेला सौदा.

१५ मार्च १८८१ च्या रात्री टूमस्टोनहून बेन्सनला निघालेल्या टपालगाडीवर हल्ला झाला. गाडीत २६,००० डॉलरची चांदी होती. हाकणारा बड फिलपॉट आणि एक प्रवासी मेले. पहारेकरी बॉब पॉलनं सुटलेल्या घोड्यांना आवरून गाडी वाचवली. संशयित तिघं, लिओनर्ड, हेड आणि क्रेन. तिघंही काउबॉयांचे दोस्त. त्यांना मदत करणारा चौथा, ल्यूथर किंग, पकडला गेला आणि शेरीफच्या कार्यालयातून मागच्या दारानं निघून गेला.

वायटला पुढच्या निवडणुकीत शेरीफ व्हायचं होतं. या तिघांना पकडलं तर गाव डोक्यावर घेईल, हे त्याला दिसत होतं. म्हणून तो आयक क्लँटनकडे गेला. तू मला ते कुठे आहेत सांग, बक्षिसाचे ३,६०० डॉलर सगळे तुझे, नाव तेवढं माझं. आयक तयार झाला. माणूस जिवंत असो वा मेलेला, पैसे मिळतील ना, एवढीच खात्री त्याला हवी होती, आणि वायटनं तार करून तीही मिळवून दिली. हे सगळं वायटनं पुढे कोर्टात शपथेवर सांगितलं.

मग नशीब फिरलं. जूनमध्ये लिओनर्ड आणि हेड न्यू मेक्सिकोत दुसऱ्याच भांडणात मारले गेले. ऑगस्टमध्ये ग्वादालूप खिंडीत गुरं घेऊन येणाऱ्यांवर पहाटे हल्ला झाला, त्यात क्रेन गेला आणि आयकचा म्हातारा बापही गेला. सौदा तर संपला, पण गुपित उरलं. आपल्याच माणसांना विकायला निघालो होतो हे कर्ली बिल आणि रिंगोला कळलं, तर आयकची मान शिल्लक राहणार नव्हती. वायटनं हे डॉक हॉलिडेला सांगितलंय असं त्याच्या डोक्यात बसलं. सगळं या भीतीतून सुरू झालं. आयक बढाईखोर होता, प्यायला की तोंडाला लगाम नसायचा. मला मात्र त्या शरद ऋतूतला आयक वाचताना आधी त्याची भीतीच जाणवते.

२५ ऑक्टोबरच्या रात्री एका खानावळीत डॉक आणि आयक यांची कडाक्याची जुंपली. डॉक मूळचा दंतवैद्य. क्षयानं पोखरलेला, जुगारावर जगणारा, जिभेचा तिखट. भांडण सोडवलं गेलं. आणि त्यानंतर आयक, टॉम मॅक्लॉरी, व्हर्जिल अर्प आणि शेरीफ बीहन एकाच टेबलावर पहाटेपर्यंत पत्ते खेळत बसले. बारा तासांत ज्यांच्यातले काही एकमेकांवर गोळ्या झाडणार होते, ती माणसं तेव्हा एकमेकांना पानं वाटत होती.

सकाळी व्हर्जिल झोपायला गेला. आयक झोपला नाही. रायफल आणि रिव्हॉल्व्हर घेऊन तो अर्प आणि डॉकला शोधत, धमक्या देत गावभर फिरत राहिला. गावात एप्रिलपासून नियम होता: आत आलं की हत्यार तबेल्यात किंवा गुत्त्यात जमा करायचं. उठल्यावर व्हर्जिलनं त्याला मागून गाठलं, पिस्तूल डोक्यात हाणलं आणि कोर्टात नेलं. दंड २५ डॉलर, खर्च अडीच डॉलर. हत्यारं काढून घेतली आणि सोडून दिलं. कोर्टाच्या दाराशी वायटला टॉम मॅक्लॉरी भेटला. बाचाबाची झाली आणि वायटनं त्याच्याही डोक्यात पिस्तूल घातलं. दुपारी फ्रँक मॅक्लॉरी आणि १९ वर्षांचा बिली क्लँटन गावात आले. पाहतात तर भावांची डोकी फुटलेली.

चकमकीला जग 'ओके कोरल'ची म्हणतं. ओके कोरल हा घोड्यांचा तबेला. गोळ्या सुटल्या त्या त्याच्या मागच्या दारापासून काही घरं पुढे, फ्लाय नावाच्या फोटोग्राफरच्या घराशेजारच्या पंधरा-वीस फूट रुंद रिकाम्या जागेत. एवढ्याशा बोळात माणसं आणि दोन घोडे. अंतर इतकं कमी, की हात लांब केला तर समोरच्याला लागावा. शेरीफ बीहन क्लँटन आणि मॅक्लॉरींची हत्यारं मागत होता, ती त्याला मिळाली नव्हती. व्हर्जिलनं छर्ऱ्यांची दुनळी डॉकच्या कोटाखाली दिली आणि त्याची काठी स्वतःच्या उजव्या हातात घेतली. पोलीसप्रमुख उजव्या हातात काठी घेऊन गेला, यावरून त्याला त्या क्षणी गोळीबार नको होता असं मी मानतो. "हात वर करा, मला तुमच्या बंदुका हव्यात," तो ओरडला. पिस्तुलांचे घोडे ओढल्याचा आवाज आला. "थांबा, मला ते नकोय," हे त्याचे पुढचे शब्द.

अर्ध्या मिनिटात सुमारे ३० गोळ्या. फ्रँक मॅक्लॉरी नेमबाज म्हणून माहीत असल्यानं आपण पहिली गोळी त्याच्यावर झाडली, असं वायटनं नंतर सांगितलं. आयक निःशस्त्र होता. तो वायटला येऊन बिलगला आणि मग पळून गेला. टॉम छर्ऱ्यांनी पडला. त्याच्या अंगावर पिस्तूल सापडलं नाही. व्हर्जिलच्या पोटरीतून आणि मॉर्गनच्या खांद्यांतून गोळी गेली, डॉकच्या कमरेला चाटून गेली. वायटला ओरखडाही नाही. बिली क्लँटन भिंतीला टेकून, उजवा हात निकामी झाला तरी डाव्या हातानं झाडत होता. शेवटी फ्लायनं येऊन त्याच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं, तेव्हा तो आणखी काडतुसं मागत होता.

फ्रँक, टॉम आणि बिली, तिघांचे मृतदेह दुकानाच्या काचेमागे ठेवले गेले, वर पाटी: 'टूमस्टोनच्या रस्त्यांवर खून झालेले'. आयकनं खुनाची तक्रार केली आणि न्यायाधीश वेल्स स्पायसरसमोर महिनाभर सुनावणी चालली. हा खटला नव्हता, पूर्वसुनावणी होती. दोषी कोण हे तिथे ठरत नाही, ज्युरीपुढे पाठवण्याइतका पुरावा आहे का एवढंच ठरतं. हात वर केलेल्या माणसांना मारलं, असं बीहन आणि आयकनं सांगितलं. समोरच्या घरात राहणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या ॲडी बोरलँडनं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. तिला कुणाचे हात वर दिसले नव्हते. स्पायसर दुपारच्या सुट्टीत स्वतः तिच्या घरी जाऊन तिच्याशी बोलला. बिलीच्या मनगटावरची जखम हात वर असताना झालेली नसणार, हेही त्यानं तपासलं. आणि एक साधी गोष्ट त्याच्या मनाला पटली: खूनच करायचा असता तर आयक हाताशी होता, तो जिवंत कसा सुटला? अर्प आणि डॉक मोकळे झाले. मात्र ज्यांचं आयकशी वैर होतं, त्या वायट आणि डॉकलाच मदतीला घेऊन व्हर्जिलनं अविचार केला, असं स्पायसरनं निकालात स्पष्ट लिहिलं. मला हा निकाल त्या साऱ्या प्रकरणातला सर्वांत समंजस कागद वाटतो.

पण अर्ध्या गावाला तो न्याय वाटला नाही. २८ डिसेंबरच्या रात्री अंधारातून व्हर्जिलवर दुनळी झाडली गेली. डाव्या हाताचं साडेपाच इंच हाड काढावं लागलं. जागेवर आयकची टोपी सापडली. कोर्टात साक्षीदार उभे राहिले, आयक त्या वेळी दुसऱ्या गावात होता म्हणाले, आणि आयक सुटला. १८ मार्च १८८२ ला मॉर्गन बिलियर्ड खेळत असताना काचेच्या दारातून गोळी आली आणि तो तासाभरात गेला. दुसरी गोळी वायटच्या डोक्यावर भिंतीत घुसली. संशयितांपैकी पीट स्पेन्सच्या बायकोनं चौकशीत स्टिलवेलसह नावंच सांगितली. पण बायकोची नवऱ्याविरुद्धची साक्ष कोर्टात चालत नव्हती, आणि तो खटला पडला.

मात्र वायटनं त्या कोर्टाची वाटच पाहिली नव्हती. २० मार्चच्या रात्री तो जखमी व्हर्जिलला कॅलिफोर्नियाच्या गाडीत बसवायला टूसॉनच्या स्टेशनात गेला. तिथे त्याला स्टिलवेल दिसला. सकाळी रुळांजवळ स्टिलवेलचा गोळ्यांनी चाळण झालेला देह सापडला. तोवर वायट केंद्राचा डेप्युटी मार्शल झालेला होता. तरी त्या रात्री त्यानं केलं ते अटक नव्हती, तो खून होता, भावाच्या मरणाचं दुःख कितीही खरं असलं तरी. दोन दिवसांनी ड्रगून डोंगरात वायटच्या पथकानं मॉर्गनच्या खुनातला आणखी एक संशयित, फ्लोरेंटीनो क्रूझ, याला मारलं. २४ मार्चला व्हेटस्टोन डोंगरातल्या पाणवठ्यावर कर्ली बिलला मारल्याचं वायटनं सांगितलं. प्रेत कुणी दाखवू शकलं नाही. एका वर्तमानपत्रानं तो मेल्याच्या पुराव्याला बक्षीस लावलं, दुसऱ्यानं तो जिवंत असल्याच्या.

त्या आठवड्यांत दोन पथकं रानात फिरत होती. वायटच्या पथकाकडे केंद्राचे अधिकार आणि त्यांच्याच नावानं खुनाची वॉरंटं. मागून बीहनचं पथक, आणि त्यात रिंगो आणि फिन क्लँटन. सैन्य बोलवावं तर १८७८ च्या कायद्यानं सैनिकांना पोलिसांचं काम करायला मनाई केलेली. शेवटी ३ मे रोजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी घोषणा काढली: हत्यारबंद टोळ्यांनी १५ मेच्या दुपारपर्यंत पांगावं, नाहीतर सैन्य उतरेल. वायट आणि डॉक तोवर कोलोरॅडोत पोचले होते. डॉकला परत न्यायला टूसॉनचा शेरीफ आला. हा तोच बॉब पॉल, ज्यानं टपालगाडी वाचवली होती. गव्हर्नर पिटकिन यांनी डॉकला सोपवायला नकार दिला. स्टिलवेलच्या खुनाचा खटला कधी उभाच राहिला नाही.

जुलैत रिंगो एका झाडाखाली गोळी लागून मेलेला सापडला. डॉक १८८७ मध्ये ३६ व्या वर्षी क्षयानं गेला. त्याच वर्षी आयक गुरं चोरल्याच्या आरोपात अटक टाळताना मारला गेला. वायट १९२९ पर्यंत जगला. आणि व्हर्जिल, ज्याला डावा हात कोपरातून वळवता येत नव्हता, कॅलिफोर्नियात कोल्टनला आईवडिलांजवळ राहिला. १८८७ मध्ये त्या गावाला नगराचा दर्जा मिळाला तेव्हा मार्शलची निवडणूक झाली. गावकऱ्यांनी बिल्ला व्हर्जिलच्या हातात दिला.